राहून गेलेलं शटर

भिवंडीला फिरायला कोण जातं, असं मला साताऱ्यात दोघा-तिघांनी विचारलं. त्यांना जे सांगितलं ते इथेही आधीच सांगते.

मी आणि आणखी चौघं मिळून ऑनलाइन दुकान चालवण्याचं एक सॉफ्टवेअर सांभाळतो. ते मुक्त आहे. कुणीही फुकट घ्यावं, आतला कोड उघडून बघावा, हवा तसा बदलावा. पोटापाण्याच्या नोकऱ्या आमच्या वेगळ्या आहेत. हे काम सकाळी लवकर उठून आणि रविवारी करायचं. छोटे दुकानदार ते वापरतात. त्यांना एखादी नवी सोय हवी असली की ते आमच्या पानावर मागणी लिहितात. बाकीच्यांपैकी ज्यांना ती पटते ते तिला मत देतात. दर सहा महिन्यांनी आम्ही पाच जण बसतो आणि कुठली सोय आधी, कुठली नंतर, कुठली नाहीच, ते ठरवतो. मागण्यांचा ढीग मोठा आणि काम करणारे हात दहा, त्यामुळे मतांकडे बघूनच बहुतेक निकाल लागतो.

या डिसेंबरात मी सुचवलं, की मतं मोजण्याआधी प्रत्येकाने एकेका गावी जाऊन दुकानदारांना भेटून यावं. सगळ्यांना पटलं. भिवंडी मी मागून घेतली, कारण तिथल्या दोन कापडवाल्यांनी माझ्या पत्राला लगेच ‘या’ म्हणून कळवलं होतं. निजामपुऱ्यातले रफिकभाई आणि कोनचे जनार्दन भोईर. भोईरांचं नाव वाचून मला ते ओळखीचं वाटलं होतं. कुठलं ते आठवलं नाही, आणि मी शोधायच्या भानगडीत पडले नाही.

पहिला दिवस: निजामपुरा

गल्ली इतकी अरुंद, की रिक्षावाल्याने मला तोंडाशीच उतरवलं आणि आवाजाच्या दिशेने जा म्हणाला. आवाज सगळ्याच दिशांनी येत होता. प्रत्येक दाराआड लूम म्हणजे यंत्रमाग, प्रत्येक लूमची खटखट, आणि पायाखालची फरशी बारीक थरथरतेय. दोन ठिकाणी चुकून आत शिरले. दुसऱ्या ठिकाणच्या कारागिराने मान वर न करता बोटाने पलीकडचं दार दाखवलं. रफिकभाईंचा पत्ता विचारणारी मी पहिली नसावी.

रफिकभाई पंचेचाळिशीचे, आजोबांच्या काळापासून इथले. त्यांच्या बारा लूमवर लुंग्या आणि पंचे निघतात. मराठी बोलता बोलता ते हिंदीत जातात आणि परत येतात, आणि आपण गेलो होतो हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. त्यांनी माझ्यासाठी मागण्यांचा कागदच करून ठेवला होता. सगळ्यात वर होतं नशीबचक्र. गिऱ्हाइकाने दुकानाचं पान उघडलं की पडद्यावर एक चक्र यावं, त्याने ते फिरवावं, काटा थांबेल तेवढी सूट मिळावी. “लोग खेलते खेलते घेतात ना,” ते म्हणाले. आमच्या यादीत या मागणीला सगळ्यात जास्त मतं होती. मी वहीत तिच्यापुढे खूण केली. खरं सांगायचं तर साताऱ्याहून निघतानाच ती मनात करून झाली होती.

त्यांचं बोलणं चालू असतानाच शेजारचा एक लूम थांबला. मग समोरचे थांबले, मग रफिकभाई उठले आणि त्यांनी आपले थांबवले. गल्ली इतकी गप्प झाली, की मला माझ्याच कानात काही बिघडलंय असं वाटलं. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं, डोक्यावर रुमाल घातला आणि हळू आवाजात सांगितलं, की गल्लीत मय्यत झालीय. चाळीस वर्षं इथे लूम चालवलेला एक म्हातारा कारागीर होता. घरचं कुणी इथे नाही, गाव लांब उत्तरेला. खांदा द्यायला सगळे कारखान्यांतलेच. अर्ध्या शटरखालून मला नुसते पाय दिसत होते. चपला, बूट, काही अनवाणी, बराच वेळ.

आमच्या पेठेत अंत्ययात्रा जाऊ लागली तर दुकानदार उठून दारात उभा राहतो, हात जोडतो आणि परत आत जातो. गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं. इथे पाऊण तास एकही लूम सुरू झाला नाही.

रफिकभाई खांदा देऊन परतले आणि त्यांनी जेवण मागवलं. खिचडा. गहू, डाळी आणि मटण एकत्र इतकं शिजवलेलं, की कशात काय ते वेगळं काढता येऊ नये; वरून तळलेला कांदा आणि लिंबू. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला देतात असं मी सांगितलं, तर रफिकभाई म्हणाले, की ही आजाऱ्याला दिली तर त्याला कामावर जावं लागेल. मी वाडगा पुसून खाल्ला. संध्याकाळी लॉजवर आरशात पाहिलं तर केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची लव बसलेली. दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होते.

दुसरा दिवस: टेमघर

भोईरकाकांनी मला कोनला घरी यायला लिहिलं होतं. मी मात्र घाईत त्यांच्या दुकानाच्या पानावरचा पत्ता उतरवून घेतला, आणि तो निघाला टेमघरचा. रिक्षातून उतरले तर दोन गाळ्यांमध्ये एक खोली, शटर वर केलेलं, आत चादरींच्या गठ्ठ्यांत बसून एक बाई पार्सलं बांधत होती. काका कल्याणला गेले होते. तिने फोन लावून दिला. काकांनी माझी चूक हसण्यावारी नेली, उद्या कोनला या म्हणाले, आणि आज आलाच आहात तर वनिताकडे चहा घेऊनच जा म्हणाले.

वनिता चाळिशीची असेल. डोंगराकडच्या एका पाड्यावरची. पावसाळ्यात स्वतःची भाताची दोन खाचरं करायची, बाकीचे महिने मिळेल ते काम. भोईरशेठकडे ती चार वर्षं होती. मला काही सुचेना म्हणून मी तिच्यासमोर बसून चादरींच्या घड्या घालू लागले. माझ्या घड्या ती गुपचूप उलगडून परत घालत होती. दुपारी तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी निम्मी माझ्यापुढे सरकवली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. तव्यावर परतली की खोलीभर वास राहतो. साताऱ्यात ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या हाताला ती पांढरी भाकरी कापडासारखी मऊ लागली.

तिला वाटलं होतं, मी काकींच्या माहेरची कुणीतरी आहे. नाही म्हटल्यावर तिने विचारलं, की मग काकी गेल्याचं तुम्हाला ठाऊक हाय ना. मला ठाऊक नव्हतं. पत्रात काकांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. मंदाकाकी म्हणजे काकांची बायको. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मूत्रपिंडं निकामी होऊन दवाखान्यात पडल्या. काका दिवसभर त्यांच्या खाटेशी. पण दुकान ऑनलाइन. ते सकाळी उघडत नाही आणि संध्याकाळी मिटत नाही. ऑर्डरी येत राहिल्या. माल गेला नाही की गिऱ्हाइकांचे फोन, मग चिडलेले फोन. काका दवाखान्याच्या जिन्यात बसून मोबाइलवर काहीतरी एकेक करून बंद करत बसायचे. “दोन दिवस तेच करत व्हते,” वनिता म्हणाली. “आतमधी काकी, आनी ते जिन्यात.”

तरी एक ऑर्डर आलीच. विदर्भातल्या मुलींच्या एका वसतिगृहाला पंचवीस चादरी हव्या होत्या. थंडी पडली होती. तिथल्या बाईंचे तीनदा फोन आले. तेव्हा काका दवाखान्यातून निघून टेमघरला आले. जायचं-यायचं धरून दोन तास. तेवढ्यात काकी गेल्या. मुलगी नाशिकहून निघाली होती, पोचायची होती. शेवटी जवळ होती ती शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून. काकींनी तिला दोनदा किती वाजले ते विचारलं.

“मी बोलली शेठना, तुमी नका येऊ, मी बांधतंय,” वनिता म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते, चिकटपट्टी दाताने तोडून ती खोक्यावर ओढत होती. “पर पत्त्याचा कागद मना छापता येत न्हाय. तवा येत नव्हता. आता शिकली.”

मी चहा न घेताच निघाले. रस्त्यावर आल्यावर, ट्रकांच्या रांगेच्या कडेला उभं राहून, मोबाइलवर आमचं मागण्यांचं पान उघडलं आणि भोईर हे नाव शोधलं. गेल्या वर्षीची मागणी होती. तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यातली. पूर्ण मागणी एवढीच:

‘दुकान काही दिवस बंद ठेवायचं आहे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये शटर कुठे आहे?’

तिला एक मत होतं, त्यांचं स्वतःचं. खाली उत्तर होतं आणि उत्तराखाली माझं नाव.

‘सूचनेबद्दल आभार. ही सोय तूर्त प्राधान्यात नाही. प्रत्येक वस्तूचा साठा शून्य केलात की दुकान बंद असल्यासारखंच होईल.’

त्याखाली त्यांचं: ‘बरं. तसं करतो.’

आता आठवलं. त्यांचा प्रश्न मी त्या वेळी चौघांना वाचून दाखवला होता. शटर कुठे आहे, हे ऐकून आम्ही हसलो होतो. वाईट हेतूने नाही. किती गोड विचारलंय, असं म्हणून. पुढे पंधरा दिवस आम्ही आपसात गमतीने तेच म्हणायचो. त्यांच्या दुकानात किती वस्तू आहेत ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं. ते मी त्या दिवशी टेमघरच्या रस्त्यावर पाहिलं. चादरी, टॉवेल, अभ्रे, पंचे. प्रत्येकाचे रंग, प्रत्येक रंगाची मापं, आणि प्रत्येक मापाचा साठा वेगळा शून्य करायचा.

समोरून दोन रिक्षा रिकाम्या गेल्या. तिसरीला हात केला.

तिसरा दिवस: कोन

सकाळी उठून मी आधी साताऱ्याच्या गाडीची वेळ पाहिली. फोन करून काहीही कारण सांगता आलं असतं. काकांना मी कोण ते कळणारही नाही, असं मी स्वतःला सांगत होते. शेवटी गेले, पण सांगायचं की नाही ते रिक्षात बसल्यावरही ठरलेलं नव्हतं.

कोन कल्याण-भिवंडी रस्त्यावरच आहे. काकांचं घर रस्त्यापासून थोडं आत, दोन मजली, पुढे तुळस आणि एक शेवग्याचं झाड. भोवती त्यांच्या भाऊबंदांची घरं. पूर्वी सगळ्यांची भातशेती. आता बहुतेकांच्या जमिनीवर गोदामं उभी आहेत. काकांनी मात्र चादरींचा धंदा काढला. मुलीने लग्न होऊन जाण्याआधी ऑनलाइन दुकान उघडून दिलं, असं त्यांनी दारातच सांगितलं. साठीचे, सडपातळ, पांढरा शर्ट नीट इस्त्री केलेला. मला ‘स्मिताताई’ म्हणत होते.

त्यांनी स्वतः रांधलं होतं. ओल्या बोंबलाचं कालवण, चिंच घातलेलं, आणि तांदळाच्या भाकऱ्या. इकडे पिठाची उकड काढून मग भाकरी थापतात. त्यांच्या भाकऱ्या कडेला चिरल्या होत्या, आणि त्याबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली. मंदा असती तर तुम्ही चार खाल्ल्या असत्या, म्हणाले. भिंतीवर काकींचा फोटो होता. हार ताजा होता. वर्षश्राद्ध महिन्यापूर्वी होऊन गेलं होतं. मी बोंबलाचा काटा काढत बसले. बोंबलाला काढण्याइतका काटा नसतो.

मग मी सांगितलं. ते उत्तर माझं होतं, एवढंच म्हणाले. 

काकांनी हातातला घास खाली ठेवला. “ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “तुमचं पत्र आलं तेव्हाच नाव ओळखलं.”

मी विचारलं, की मग मला का बोलावलं. त्यांनी आधी ताटातलं संपवलं, उठून हात धुतले, चष्मा घेऊन आले. राग काढायला बोलावलं नव्हतं, असं ते म्हणाले. एक गोष्ट त्यांना वर्षभर विचारायची होती, आणि ती लिहून विचारण्यासारखी नव्हती. तुम्ही हे ठरवता कसं, ते त्यांना बघायचं होतं.

मी लॅपटॉप उघडून त्यांना आमची यादी दाखवली. वर जास्त मतांच्या मागण्या, खाली कमी मतांच्या. ते पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. नशीबचक्र म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. त्यांची ओळ यायला फार वेळ लागला. तिथे पोचल्यावर बोट थांबलं.

“मंदाचंही खातं होतं इथे,” ते म्हणाले. “पोरीने दोघांनाही उघडून दिलेलं. मला तिला सांगायचं सुचलं नाही. दोन मतं झाली असती.”

दोन मतांनी काही बदललं नसतं. ते मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही वाटतं, सांगायला हवं होतं. निदान तेवढं ओझं तरी त्यांच्यावर राहिलं नसतं.

कारण लिहिलं असतं तर आम्ही वेगळं उत्तर दिलं असतं, असं मी म्हणाले. ते खरं होतं. काकांनी चष्मा काढून पुसला. “दुकान का बंद ठेवलं, ते शटर विचारत नाही ना ताई,” ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

नंतर ते मला खाडीकडे घेऊन गेले. घरामागून पाच-सात मिनिटांची वाट, मग तिवरांची झुडपं, त्यापलीकडे काळा चिखल. ओहोटी होती. खाऱ्या पाण्याचा आणि कुजल्या पाल्याचा मिळून एक जड वास. चिखलात बोटभर मासे टणाटण उड्या मारत होते. त्यांना निवट्या म्हणतात. मंदाकाकींचं माहेर खाडीपलीकडचं. लहानपणी त्या गुडघाभर चिखलात उतरून हातांनी निवट्या धरायच्या, आणि लग्नानंतरही दोन-तीन वर्षं, सासूच्या नकळत. ते सांगताना काका पहिल्यांदा हसले.

तिथे उभ्या उभ्या त्यांनी उरलेलं सांगितलं. जिन्यात बसून त्यांनी टॉवेल शून्य केले, अभ्रे केले, पंचे केले. चादरींना हात घालणार तेवढ्यात वसतिगृहाची ऑर्डर येऊन पडली. ते जाणार नव्हते. त्या बाईंना सरळ नाही म्हणणार होते. काकींनीच विचारलं, कुणाचा फोन. त्यांनी सांगितलं. “ती बोलली, जावा, पोरी गारठतील. मी आहे ना इथेच.” एवढं सांगून ते पाण्याकडे बघत राहिले.  थोड्या वेळाने, तुमची गाडी चुकेल, असं तेच म्हणाले.

निघताना त्यांनी मला एक चादर दिली. मला ती घ्यायला नको होती, पण नाकारायचं कसं ते कळलं नाही.

परतल्यावर

आम्ही पाच जण बसलो तेव्हा मी सगळं सांगितलं, माझं उत्तरही वाचून दाखवलं. आमच्यातल्या दिनेशने जे विचारलं ते गैर नव्हतं. एका माणसाचं दुःख बघून यादी ठरवायची, तर ज्यांच्या घरी आपण गेलो नाही त्यांचं काय?   मी एवढंच म्हटलं, की ज्याच्या घरी गेले त्याचं तरी करू द्या. कुणी हसलं नाही. शटर यादीत सगळ्यात वर गेलं.

रफिकभाईंना मी फोन करून कळवलं, की नशीबचक्र पुढे ढकललंय, आणि का ते सांगितलं.  ते म्हणाले, “पहले वो बनाव.”

बनवायला सहा दिवस लागले. एक बटण, पानावर दिसायची एक ओळ, आणि नव्या ऑर्डरी थांबवणारा थोडासा कोड. चाचण्या धरून सहा दिवस. सहाव्या दिवशी काम संपल्यावर मी खुर्चीतून उठले नाही. हे अवघड निघालं असतं, सहा महिने लागले असते, तर मला बरं वाटलं असतं.

नवी आवृत्ती निघाल्यावर काकांना कळवलं. आठवड्याने त्यांचं उत्तर आलं.

‘स्मिताताई, मुलीने नवीन आवृत्ती बसवून दिली. बटण दाबून पाहिलं. सगळं दुकान एकदम बंद झालं. छान केलंय, लोकांच्या कामाला येईल. मी पाच मिनिटांनी परत उघडलं. आता बंद करून घरी कुणाजवळ बसू? चालूच ठेवतो.’